मुखवर्ण आणि वंशावळ : आफ्रिकेतील ग्वेनॉन माकडांच्या वर्गीकरणाचा आढावा

सेनेगलच्या समुद्रकिनाऱ्यापासून इथिओपियाच्या डोंगरांपर्यंत आणि तेथून दक्षिणेस थेट केप प्रांतापर्यंत, सहारा वाळवंटाच्या खाली पसरलेल्या विस्तीर्ण मुलखात, जेथे जेथे झाडाझुडपांचा थोडाफार आश्रय आहे तेथे तेथे, लांब शेपटीच्या, सडपातळ बांध्याच्या आणि विलक्षण रंगीत चेहऱ्यांच्या माकडांचा एक मोठा समुदाय नांदत आहे. प्राणिशास्त्रात त्याला ग्वेनॉन या नावाने ओळखतात. आज त्याच्या तिसांच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाती मानल्या जातात, आणि मध्य आफ्रिकेच्या एकाच अरण्यात त्यांतल्या चार-पाच जाती एकमेकींच्या शेजारी, पुष्कळदा एकाच मिश्र टोळीत, एकाच झाडाची फळे खाताना आढळतात. इतक्या जवळच्या नात्याच्या, इतक्या सारख्या बांध्याच्या आणि तरीही चेहऱ्यांनी इतक्या भिन्न असलेल्या या जातींचा परस्परसंबंध काय, त्यांच्या प्रजाती किती मानाव्या, आणि अंगावरच्या खुणा पाहून केलेली वाटणी खऱ्या वंशक्रमाशी कितपत जुळते, या प्रश्नाचा खल गेली अडीचशे वर्षे चालू आहे. त्याच्या निवाड्यासाठी प्रथम कातडी, मग कवट्या व दात, मग गुणसूत्रे आणि अखेर संपूर्ण जनुकसंच असा पुरावा क्रमाक्रमाने पुढे आला, आणि प्रत्येक नव्या पुराव्याने आधीच्या निकालातील काही भाग कायम केला, तर काही फिरवला. त्या साऱ्या विचारमंथनातून आज निश्चित असे काय हाती लागले आहे, हे वाचकांपुढे मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी या समुदायाचे स्थान निश्चित करणे अवश्य आहे. आशिया व आफ्रिका या जुन्या जगातील सर्व माकडांचे मिळून एकच कुल मानतात आणि त्या कुलाची दोन उपकुले करतात. पहिल्या उपकुलात पाने पचविण्यासाठी कप्पेदार जठर लाभलेली माकडे येतात. आफ्रिकेतील कोलोबस आणि आपल्या सह्याद्रीतील काळ्या तोंडाचे वानर ही दोन्ही त्यातलीच. दुसऱ्या उपकुलातील माकडांचे जठर साधे असते, परंतु त्यांच्या गालांना आतून पिशव्या असतात, आणि हाती लागलेले खाद्य त्यांत घाईघाईने भरून ती सुरक्षित जागी जाऊन सावकाश खातात. महाबळेश्वरच्या किंवा माथेरानच्या वाटेवर प्रवाशांच्या हातचे शेंगदाणे घेऊन गालांत तोबरा भरणारे आपले लालतोंडे माकड ज्याने पाहिले आहे, त्याला या अवयवाचे वेगळे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. या दुसऱ्या उपकुलाच्या पुन्हा दोन शाखा होतात. एकीत आपली लालतोंडी माकडे आणि आफ्रिकेतील बबून, मँड्रिल व मँगाबे यांचा समावेश होतो. दुसरी शाखा सर्वस्वी ग्वेनॉनांची आहे. तात्पर्य, लांब शेपटी व सडसडीत अंगकाठी यांमुळे ग्वेनॉन प्रथमदर्शनी आपल्या वानरासारखा भासला, तरी नात्याने तो लालतोंड्या माकडाला अधिक जवळचा आहे. या शाखेचा सर्वांत जुना ज्ञात अवशेष म्हणून अबू धाबीच्या भूमीत सापडलेल्या एका लहानशा दाढेचा दाखला २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिचे वय ६५ ते ८० लाख वर्षे ठरले आहे. आज आफ्रिकेबाहेर एकही ग्वेनॉन स्वाभाविकपणे राहत नसताना त्यांचा असा प्राचीन पुरावा अरबस्तानात मिळावा, यावरून एके काळी या शाखेचा विस्तार आजच्या सरहद्दींबाहेर गेला होता हे उघड होते.

आता शरीररचनेकडे वळू. सर्व ग्वेनॉनांना एकत्र बांधणारे सर्वांत भरवशाचे लक्षण तोंडाच्या आत, जेथे सामान्य निरीक्षकाची दृष्टी जात नाही अशा ठिकाणी आहे. लालतोंडे माकड किंवा बबून यांच्या खालच्या जबड्यातील शेवटच्या दाढेवर चार उंचवट्यांच्या मागे पाचवा एक उंचवटा असतो. ग्वेनॉनांच्या त्याच दाढेवर चारच उंचवटे असतात आणि तिचा मागचा भाग त्यामुळे आखूड राहतो. बाकीची लक्षणे बाहेरून दिसणारी आहेत. शेपटी धडाहून लांब असते, परंतु दक्षिण अमेरिकेतील काही माकडांप्रमाणे ती फांदीला विळखा घालू शकत नाही. तिचा उपयोग उडी मारताना तोल सांभाळण्यापुरता. मागचे पाय पुढच्यांहून लांब असतात, अंगठा चांगला विकसित असतो, आणि बसण्याच्या जागी कातडी घट्टे पडून कठीण झालेली असते. नर मादीहून बराच मोठा असतो व त्याचे सुळे लांब असतात. आकारमानाच्या दृष्टीने या समुदायाची दोन टोके एकमेकांपासून फार दूर आहेत. एका टोकाला टॅलपॉइन हे पश्चिम-मध्य आफ्रिकेतील नदीकाठच्या जंगलात राहणारे, किलोभराहून थोडेसेच अधिक वजनाचे माकड, जे जुन्या जगातील सर्व माकडांत लहान आहे. दुसऱ्या टोकाला पाटस हे माळरानावरचे, लांबसडक पायांचे, बारा किलोंपर्यंत भरणाऱ्या नराचे तांबूस माकड, जे ताशी ५५ किलोमीटरांच्या वेगाने धावू शकते आणि ज्याच्याइतका वेगवान प्राणी सबंध वानरगणात दुसरा नाही.

परंतु ग्वेनॉनांची खरी ख्याती त्यांच्या रंगांसाठी आहे, आणि हे रंग कसे सिद्ध होतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. हिरवे माकड म्हणून प्रसिद्ध असलेल्या जातीच्या पाठीवरचा एकच केस घेऊन तो भिंगाखाली धरला, तर त्यावर काळसर व पिवळसर पट्टे आळीपाळीने आलेले दिसतात. हिरवा कण त्यात कोठेही सापडत नाही. असे सहस्रावधी केस एकत्र आले म्हणजे दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काळा व पिवळा मिसळून शेवाळी छटा उमटते. कित्येक जातींच्या चेहऱ्यावर व नरांच्या वृषणकोशावर जो निळा रंग दिसतो, त्यातही निळे रंगद्रव्य नसते; त्वचेतील कोलॅजनच्या तंतूंची मांडणी अशी असते की त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश निळा होऊन बाहेर पडतो. अशा साधनांनी निसर्गाने जे चेहरे घडविले त्यांपैकी एक नमुन्यादाखल घेऊ. डी ब्राझाच्या माकडाच्या कपाळावर नारिंगी रंगाची चंद्रकोर असते, तिच्या वरचे डोके काळे असते, डोळ्यांभोवतीचा भाग करडा, नाकाखालचा ओठ पांढरा शुभ्र, आणि त्या ओठापासून खाली छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी. मांडीवरून तिरका जाणारा एक पांढरा पट्टा त्याच्या राखी अंगावर स्पष्ट उठून दिसतो. डायना माकडाच्या काळ्या चेहऱ्यावर पांढरी भ्रूरेषा व टोकदार दाढी असते. मिशाळ माकडाच्या निळ्या तोंडावर नाकाखाली पांढरा कोन असतो. तांबड्या शेपटीच्या माकडाच्या नाकावर हृदयाच्या आकाराचा पांढरा ठिपका असतो. आणि हॅम्लिनच्या माकडाच्या गडद चेहऱ्याच्या मधोमध कपाळापासून ओठापर्यंत एक पांढरी उभी रेघ ओढलेली असते.

या चेहऱ्यांवरूनच वर्गीकरणाला आरंभ झाला, आणि तसे होणे अपरिहार्य होते. १७५८ साली लिनीअसने आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात डायना, मिशाळ माकड आणि इथिओपियाचे माकड यांची नोंद केली, तेव्हा त्याने बहुतेक सर्व माकडांना एकाच प्रजातीत कोंबले होते. पुढच्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांतून व्यापाऱ्यांच्या हस्ते युरोपात येणारी कातडी, आणि प्राणिसंग्रहालयांतून काही महिने जगून मरणारी माकडे, यांवरून एकामागून एक जातींची वर्णने प्रसिद्ध होत गेली. त्या कातड्यांबरोबर पुष्कळदा मूळ ठिकाणाची नोंदच नसे. एखादे कातडे केवळ आफ्रिकेचे एवढ्याच दाखल्यावर दप्तरी दाखल होई. यामुळे एकाच जातीला दोन-तीन नावे मिळाली आणि भिन्न जाती एकाच नावाखाली गेल्या.

या गोंधळात पहिली नीट व्यवस्था लावली ती रेजिनल्ड पोकॉक यांनी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे ते दीर्घकाळ अधीक्षक होते, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतभर चालविलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीतील संग्रहाचा आधार घेऊन ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिवर्णनमालेतील सस्तन प्राण्यांचे खंड लिहिणारे म्हणून त्यांचे नाव आपल्याकडील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. १९०७ साली त्यांनी, जिच्यात बहुतेक ग्वेनॉन मोडतात त्या मुख्य प्रजातीची समग्र फेरतपासणी केली आणि जातींचे बाह्य लक्षणांवरून समूह पाडले. हॅम्लिनच्या माकडाचे वर्णनही त्यांनी त्याच वर्षी केले. पुढे १९२८ साली अर्न्स्ट श्वार्ट्झ यांनी अगदी विरुद्ध दिशेने विचार करून, एकमेकांच्या मुलखात न येणारे परंतु परस्परांची जागा भरून काढणारे प्रकार हे स्वतंत्र जाती नसून एकाच जातीच्या उपजाती होत, असे प्रतिपादन केले आणि जातींची संख्या पुष्कळ खाली आणली. जातींची संख्या वाढविणारे व ती घटविणारे असे दोन पक्ष तेव्हापासून या क्षेत्रात आलटून पालटून वरचढ ठरत आले आहेत. तथापि या दोन्ही पक्षांना मान्य असलेली एक गोष्ट त्या काळी पक्की झाली, ती म्हणजे डायना, मोना, मिशाळ, निळे माकड इत्यादी ठळक समूह. समूहांच्या आतल्या सरहद्दी पुनःपुन्हा बदलल्या, परंतु यांतले बहुतेक समूह आजही उभे आहेत.

कवटी व दात यांच्या अभ्यासाने काही वेगळ्या प्रकारांना त्यांचा हक्क मिळवून दिला. काँगोच्या खोऱ्यातील ॲलनचे दलदली माकड हे १९२३ साली निराळ्या प्रजातीत घातले गेले, कारण त्याच्या दातांची ठेवण व मादीच्या ठायी ऋतुकालात येणारी सूज ही लक्षणे मुख्य प्रजातीत नव्हती. अशी सूज टॅलपॉइनमध्येही येते, आणि दोन्ही प्रकार या शाखेच्या बुंध्याजवळून फुटलेले असावेत असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. पाटस हे माळरानावर धावण्यासाठी घडलेल्या हातापायांमुळे पूर्वीच वेगळे काढण्यात आले होते. ज्या हिरव्या माकडांना जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा दीर्घकाळ मुख्य प्रजातीच्या नावानेच ओळखत होत्या, त्यांनाही पुढे स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला आणि एका जातीऐवजी त्यांत सहा जाती मानण्याचा प्रघात पडला. त्यांपैकी एक दक्षिण इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातच, मुख्यतः बांबूवनांत, राहते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुणसूत्रांच्या गणनेने या अभ्यासाला अनपेक्षित वळण दिले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. लालतोंडी माकडे, बबून, मँड्रिल या साऱ्या भाऊबंदांत ही संख्या ४२ वर स्थिर आहे. ग्वेनॉनांत मात्र ती ४८ पासून ७२ पर्यंत चढत जाते. ॲलनच्या माकडात ४८, टॅलपॉइन व पाटस यांच्यात ५४, हिरव्या माकडात ६०, तांबड्या शेपटीच्या माकडात ६६ आणि निळ्या माकडात ७२. गुणसूत्रे दुभंगून त्यांची संख्या वाढत गेली असावी, या निष्कर्षाला बहुतेकांची संमती मिळाली. आणि ज्या प्रकारांची संख्या कमी ते मूळ बुंध्याला जवळचे, हा सर्वसाधारण अंदाजही पुष्कळ अंशी खरा ठरला. परंतु एवढ्यावरून पूर्ण वंशवृक्ष उभा राहीना, कारण गुणसूत्रांचे दुभंगणे वेगवेगळ्या फांद्यांत स्वतंत्रपणे घडू शकते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी जनुकांच्या तुलनेने एक मोठा निर्णय दिला. हिरवी माकडे, पाटस आणि लोएस्टच्या माकडाचा समूह हे तिन्ही जमिनीवर पुष्कळ काळ वावरणारे प्रकार. यांपैकी लोएस्टचा समूह मुख्यतः दाट पर्वतीय अरण्यात राहतो, रंगाने गडद असतो, आणि बाह्य लक्षणांवरून तो कायम मुख्य प्रजातीतच गणला जाई. जनुकांनी मात्र दाखविले की हे तिन्ही एकाच फांदीचे फाटे आहेत. झाडावरून जमिनीवर उतरण्याची प्रवृत्ती या फांदीत एकदाच निर्माण झाली. तिच्यातून एक फाटा माळरानावर गेला, एक झाडीच्या कडेला स्थिरावला आणि एक पर्वतीय जंगलाच्या तळाशी राहिला, हा अर्थ त्यावरून सहज निघतो. परिणामी लोएस्टच्या समूहालाही पुष्कळ अभ्यासकांनी मुख्य प्रजातीतून काढून निराळी प्रजाती बहाल केली. अशा रीतीने आज ग्वेनॉनांच्या सहा प्रजाती मानण्याकडे कल आहे : दलदली माकड, टॅलपॉइन, पाटस, हिरवी माकडे, लोएस्टचा समूह आणि अरण्यातील वृक्षवासी जातींची मोठी मुख्य प्रजाती.

रूपावर विसंबल्याने केवढी फसगत होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ड्रायस नावाच्या माकडाचे आहे. काँगोच्या खोऱ्यातील या माकडाचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९३२ साली एका अल्पवयी नमुन्यावरून केले. पुढे १९७७ साली त्याच प्रदेशातून सालोंगो नावाची एक नवी जात जाहीर झाली. पुष्कळ वर्षांनी अधिक नमुने हाती आले तेव्हा असे दिसून आले की ड्रायस हे पिल्लू होते आणि सालोंगो हे त्याच जातीचे प्रौढ माकड. वयाबरोबर रंगात पडणाऱ्या फरकाने एका जातीच्या दोन जाती केल्या होत्या. प्रकरण येथेच मिटले नाही. चेहरा व अंगावरच्या पट्ट्यांवरून ड्रायसला डायनाच्या समूहात बसविण्यात आले होते. जनुकसंच वाचल्यावर त्याचे जवळचे नाते डायनाशी नसून हिरव्या माकडांशी आहे असे निष्पन्न झाले. ज्या चेहऱ्यावर भरवसा ठेवून त्याला एका घरात बसविले, तो चेहरा त्या घरचा नव्हताच.

मग या चेहऱ्यांचे प्रयोजन तरी काय? या प्रश्नाला पहिले विचारपूर्वक उत्तर दिले ते पूर्व आफ्रिकेच्या प्राणिसृष्टीचे चित्रकार व अभ्यासक जोनाथन किंग्डन यांनी. १९८० साली त्यांनी असे मांडले की अरण्याच्या अर्धवट उजेडात, पानांच्या गर्दीत, एकमेकांच्या शेजारी राहणाऱ्या या जातींना आपले कोण व परके कोण हे दुरून व तत्काळ ओळखता आले पाहिजे, आणि चेहऱ्यांवरच्या खुणा व मान हलविण्याच्या लकबी यांतून ही ओळख पटते. २०१४ साली विल्यम ॲलन, मार्टिन स्टीव्हन्स व जेम्स हायम यांनी हजाराहून अधिक छायाचित्रांचे संगणकाच्या साह्याने विश्लेषण करून या मताला भक्कम आधार दिला : जी जात इतर जातींच्या मुलखात मिसळून राहते, तिचा चेहरा त्या शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांहून अधिक वेगळा झालेला असतो. नायजेरियातील एका आश्रयस्थानात केलेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माकडांना निरनिराळे चेहरे दाखविले असता, पांढऱ्या नाकाच्या जातीला नाकावरचा ठिपका आणि मोना माकडाला भुवयांवरची खूण निर्णायक वाटते असेही दिसून आले.

येथे या संबंध प्रश्नाचे मर्म हाती लागते. मुखवर्ण हे शेजाऱ्यांपासून वेगळे राहण्याचे साधन आहे, आणि म्हणूनच ते पूर्वजांची खूण म्हणून पूर्ण विश्वासार्ह नाही. शेताचा बांध जमीन कोणाची वहिवाटीत आहे ते सांगतो. दोन्ही बाजूंचे खातेदार एकाच आजोबांचे नातू आहेत की नाहीत, हे पाहायचे तर दप्तरातली वंशावळच काढावी लागते. जुन्या वर्गीकरणकारांनी बांध अचूक पाहिले. ज्या जाती त्यांनी वेगळ्या ओळखल्या, त्या बहुतांशी वेगळ्याच निघाल्या. चूक झाली ती बांधावरून वंशावळ वाचण्याच्या प्रयत्नात.

आणि हे बांधही सर्वत्र अभेद्य नाहीत. टांझानियातील गोम्बे अरण्यात ७२ गुणसूत्रांचे निळे माकड आणि ६६ गुणसूत्रांचे तांबड्या शेपटीचे माकड यांचा संकर होतो, आणि ती संतती वांझ नसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आईकडूनच मिळणाऱ्या तंतुकणिकांतील जनुकद्रव्याची तपासणी केली असता, गोम्बेतील निळ्या माकडांच्या पेशींत तांबड्या शेपटीच्या जातीचा मातृवंश आढळला. भूतकाळात कधीतरी झालेल्या मिश्रणाचा हा लेखी दाखलाच होय. २०२३ साली बावीस जातींच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हाच प्रकार ग्वेनॉनांच्या साऱ्या इतिहासात वारंवार घडल्याचे दिसून आले. ज्यांची गुणसूत्रे संख्येने जुळत नाहीत अशा शाखांमध्येही प्राचीन काळी जनुकांची देवघेव होत राहिली. म्हणून या समुदायाचा इतिहास केवळ फाटत जाणाऱ्या फांद्यांचे झाड म्हणून रेखाटणे अपुरे आहे. काही फांद्या वेगळ्या होऊन पुन्हा परस्परांना मिळालेल्या आहेत, आणि एकाच माकडाच्या अंगातील निरनिराळी जनुके निरनिराळी वंशावळ सांगतात. जातींची गणना करणाऱ्यांचे आपापसांत एकमत न होण्याचे एक कारण या इतिहासातच आहे; सगळा दोष त्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. हा समुदाय अजून पूर्णपणे ओळखलाही गेलेला नाही. १९८४ साली गॅबॉनच्या अरण्यात पाहिलेले, शेपटीच्या टोकाला झळाळता पिवळा-नारिंगी रंग असलेले माकड १९८८ साली नवी जात म्हणून नोंदले गेले. २००७ साली काँगोच्या लोमामी नदीच्या खोऱ्यात एका गावी पाळलेले एक अपरिचित माकड संशोधकांच्या दृष्टीस पडले. स्थानिक शिकारी त्याला लेसुला या नावाने पूर्वीपासून ओळखत होते. मोठे, शांत डोळे, केस नसलेला फिकट चेहरा आणि नाकावरून खाली उतरणारी उजळ रेघ असलेली ही जात २०१२ साली शास्त्राच्या दप्तरी आली, आणि तिच्या मुलखाचा मोठा भाग २०१६ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

वर्गीकरणाचा हा वाद केवळ विद्वानांपुरता मर्यादित आहे असे कोणी समजू नये. १९६२ साली जपानच्या चिबा विद्यापीठात एका आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून पेशींचे जे संवर्धन सुरू झाले, ते व्हेरो या नावाने आज जगभरच्या लसनिर्मितीचा एक आधार बनले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून हैदराबादेत तयार झालेली कोव्हॅक्सिन ही लस याच पेशींवर वाढविलेल्या विषाणूची आहे, आणि तिच्या मात्रा कोट्यवधी भारतीयांनी घेतल्या आहेत. हे माकड नेमके कोणत्या जातीचे, हे मात्र पुष्कळ वर्षे जुन्या ढोबळ नावाखाली झाकलेले राहिले; २०१४ साली जनुकसंच वाचला गेला तेव्हा ती पेशी पश्चिम आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मादीची असल्याचे निश्चित झाले. पेशींचा उगम ठाऊक असणे हा औषधनिर्मितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि तो उगम सांगण्याचे काम वर्गीकरणशास्त्राचे आहे.

संरक्षणाच्या बाबतीत तर जातीचा दर्जा हा जीवनमरणाचा विषय होतो. घाना व आयव्हरी कोस्ट येथील रोलोवे माकड दीर्घकाळ डायनाची एक उपजात म्हणून गणले गेले. स्वतंत्र जात म्हणून त्याचा विचार झाला तेव्हा ते नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असल्याचे जगाच्या ध्यानी आले. नायजेरियाच्या आग्नेय भागातील स्क्लेटरचे माकड, ज्याचे वर्णन पोकॉक यांनीच १९०४ साली केले, ते काहींच्या मते तांबड्या कानांच्या माकडाचीच उपजात आहे. त्याचे अस्तित्व केवळ सरकारी अभयारण्यांवर विसंबून राहिलेले नाही. लाग्वा व अक्पुगोएझे या इग्बो गावांत ते पवित्र मानले जाते, त्याला मारणे निषिद्ध आहे, आणि गावाच्या कडेला राखलेल्या देवराईसारख्या झाडीतून ते शेतांत उतरून पिकांची नासधूस करीत असतानाही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला अभय दिले आहे. ज्याचा दर्जा शास्त्राने अजून एकमताने ठरविलेला नाही, अशा जातीचे रक्षण ग्रामीण श्रद्धेने केले, ही गोष्ट सह्याद्रीतील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत अशा वाचकांना विशेष जवळची वाटेल.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष असा. ग्वेनॉन हा एकाच पूर्वजापासून उतरलेला, शेवटच्या दाढेच्या रचनेने ओळखू येणारा खरा समुदाय आहे. त्यातील सहा प्रजातींची विभागणी आजच्या पुराव्याला धरून आहे. आणि जमिनीवर उतरलेल्या तीन प्रजाती परस्परांच्या जवळच्या आहेत, हा निर्णय आता फिरण्याचा संभव थोडा आहे. जातींच्या संख्येबाबत मात्र मतभेद राहतील, कारण जाती वेगळ्या होत असतानाच मिसळतही आल्या आहेत. चेहऱ्यांची साक्ष टाकून देण्याचे कारण नाही. ती कोण कोणाशी जोडा जमवीत नाही हे सांगते, आणि जनुकांची साक्ष कोण कोणापासून आला हे सांगते, म्हणून दोन्ही साक्षी आपापल्या विषयापुरत्या घ्याव्या, एवढेच. यासाठी प्रयोगशाळांइतकीच जुन्या संग्रहालयांची गरज आहे, कारण शंभर वर्षांपूर्वी कपाटात ठेवलेल्या आणि ठिकाणाची अचूक चिठ्ठी जोडलेल्या कातड्यांतूनच यांपैकी कित्येक जातींचे जनुकद्रव्य अभ्यासकांना मिळाले आहे. आपल्याकडील संग्रहालयांतून, महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून आणि जुन्या संस्थांच्या माळ्यांवर असे नमुने आजही पडून आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या पुसट होण्यापूर्वी त्यांची नीट नोंद करून ते जतन करणे, हे प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपले कर्तव्य मानावे.